मुलाच्या हातून दूरचित्रवाणीचा पडदा फुटला तर

मुलाच्या हातून वस्तू फुटणे ही बालपणाइतकीच जुनी गोष्ट आहे. पूर्वी पाण्याची घागर फुटे, कंदिलाची काच तडके, पाटी दुभंगे. पाटी फुटली म्हणजे मुलाला चार दिवस बोलणी खावी लागत आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी नवी पाटी येई. आज तेच मूल आणि तेच अवखळ हात आहेत. परंतु घरात व शाळेत आलेल्या वस्तूंचे मोल मात्र फार वाढले आहे. दूरचित्रवाणीचा पातळ पडदा एका क्षणात फुटतो आणि कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत त्यासरशी वाया जाते. अशा वेळी वडील माणसांचा तोल सुटणे स्वाभाविक असले, तरी मुलाच्या मनावर दीर्घकाळ टिकणारा परिणाम नेमका याच घटकेला होतो. फुटलेल्या पडद्याची वार्ता दुसऱ्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावरून शाळेत येते. म्हणून हा विषय केवळ घरचा नसून शिक्षकाचाही आहे.

एक प्रसंग

प्रथम एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. त्याचे स्थळ आहे मुंबईतील शीव कोळीवाडा. ग्रामीण शिक्षकांस हे उदाहरण दूरचे वाटण्याचे कारण नाही. शीव म्हणजे सीमा. जुन्या मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द जेथे संपे, तेथील हा कोळ्यांचा गाव. फाळणीनंतर तेथे पंजाबातून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि भोवताली शहर वाढले. तरी कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्या, उंबऱ्यावर बसलेल्या आजीबाई आणि एकमेकांच्या घरात चाललेली मुलांची ये-जा यांत गाव अजून ओळखू येते. शिवाय कोकणातील व घाटावरील कितीतरी घरांचे काका-मामा मुंबईतील अशाच खोल्यांत राहतात आणि मे महिन्याच्या सुटीत गावची मुले तेथे जातात.

बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली आहे. एका बाजूस ओटा व मोरी, वर पोटमाळा, समोरच्या भिंतीवर टांगलेला दूरचित्रवाणी संच. आई पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणते आणि बाजारात विकावयास बसते. वडिलांची रात्रपाळी असते. घरात आजी, तिसरीतील आठ वर्षांचा मुलगा आणि त्याची पाच वर्षांची बहीण. जुलै महिना आहे, गल्लीत पाणी साचले आहे, त्यामुळे गल्लीतला खेळ घरात आला आहे. कपडे धुण्याचे धोपाटणे ही बॅट, मोज्यांचा गोळा हा चेंडू. आजीचा डोळा लागला आहे. मुलाने जोराने धोपाटणे फिरविले, ते ओल्या हातातून निसटले आणि पडद्यावर जाऊन आदळले. कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली, तीमधून काळा डाग पसरत गेला. चित्र नाहीसे झाले, गाणे मात्र चालूच राहिले. त्या चालू राहिलेल्या गाण्यानेच मुलगा अधिक घाबरला. त्याने संच बंद केला, त्यावर आजीचे लुगडे टाकले आणि बहिणीला बजावले, "मांजरीने पाडलं म्हणून सांग."

सायंकाळी आई घरी आली तेव्हा मुलगा घरात नव्हता. रात्री साडेनऊच्या सुमारास एका शेजाऱ्याला तो गुरु तेगबहादूर नगर स्थानकावरील बाकावर बसलेला आढळला. जुनी माणसे अजून या स्थानकास कोळीवाडा स्टेशनच म्हणतात. शेजाऱ्याने त्याला घरी आणले. आईने प्रथम त्याला पोटाशी धरले आणि मग बडविले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, परंतु हजेरी घेताना त्याने "हजर" म्हटले नाही.

या एका दिवसात पडदा फुटला, मूल खोटे बोलले, लहान बहिणीला त्या खोट्यात ओढले गेले आणि आठ वर्षांचे मूल रात्री रेल्वे स्थानकावर एकटे बसले. पैशाने मोजता येणारी हानी यांपैकी पहिलीच होय. परंतु शेवटची गोष्ट सर्वांत भयंकर आहे, कारण फलाटावर बसलेले मूल समोर आलेल्या कोणत्याही गाडीत चढू शकते. पडदा फुटण्यापासून फलाटापर्यंतचा हा मार्ग कसा तयार झाला आणि तो कोठे अडविता आला असता, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रथम सुरक्षितता

विचारपूस नंतर करावी. आधी मुलांना बाजूस न्यावे. पडदा फुटला असता भिंतीवरील बटण बंद करून मगच खटका काढावा. हात ओले असू नयेत. पायात चपला असल्याशिवाय कोणीही जवळ जाऊ नये. जमिनीवर काचेचे कण पडले असल्यास ते हाताने न उचलता जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत आणि उरलेले कण ओल्या फडक्याने वा ओल्या कागदाने टिपून घ्यावेत. फडके पुन्हा वापरू नये. पडद्यातून द्रव पाझरलेला दिसल्यास त्यास बोट लावू नये; लागलेच तर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. संच खिळ्यावरून सुटून लोंबत असेल तर तो दोघा मोठ्या माणसांनी मिळून खाली उतरवावा, कारण संच अंगावर पडून मुले गंभीर जखमी होतात. मुलाचे हात, पाय व डोळे तपासावेत. "कुठे लागलं का?" हा वडील माणसाच्या तोंडचा पहिला प्रश्न असावा. या तीन शब्दांवरून मुलाला कळते की, घरात वस्तूपेक्षा आपली किंमत अधिक आहे.

जुन्या पद्धतीचा, पाठीमागे फुगीर पेटी असलेला संच काही घरांत व शाळांच्या अडगळीत अजून आढळतो. त्याच्या काचेच्या नळीत निर्वात पोकळी असते. ती फुटल्यास काच आत ओढली जाऊन तिचे तुकडे जोराने उडू शकतात. शिवाय संच बंद केल्यानंतरही त्यात उच्च दाबाची वीज काही काळ साठून राहते. असा संच घरी उघडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

पडदा इतका नाजूक का?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी आळीत एखाद्याच घरी संच असे आणि सारा शेजार त्याच्या दारात दाटीने बसे. संच लाकडी कपाटात असे. अनेक कपाटांना सरकत्या फळ्या व कुलूपही असे. आतील नळीची दर्शनी काच जाड असल्याने रबरी चेंडू लागला तर तो उलट येई. आजच्या आजी-आजोबांच्या मनात संचाची हीच प्रतिमा आहे, म्हणून "एवढ्याशा धक्क्याने फुटलाच कसा?" असे ते विचारतात आणि मुलाने काही मोठा उत्पात केला असला पाहिजे असे गृहीत धरतात.

आजच्या सर्वसाधारण संचाचा पडदा निराळ्या रचनेचा असतो. काचेच्या दोन अतिशय पातळ पत्र्यांमध्ये द्रवस्फटिक नावाच्या पदार्थाचा थर भरलेला असतो. काचेची जाडी मिलिमीटरहूनही कमी असते. काचेच्या आतील बाजूस डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतवाहक रेषांचे जाळे असते. त्यांतून येणाऱ्या विजेनुसार द्रवस्फटिकाचे कण वळतात आणि मागून येणारा दिव्यांचा प्रकाश अडवितात किंवा पुढे जाऊ देतात. लाखो ठिपक्यांच्या अशा उघडझापीतून चित्र तयार होते. काच तडकली की त्या रेषा तुटतात आणि द्रव पसरतो. म्हणून काळे डाग व रंगीत पट्टे दिसतात. ध्वनीची यंत्रणा वेगळी असल्याने आवाज मात्र चालू राहतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक अशी की, हा पडदा जोडता येत नाही. दातांची पेस्ट चोळणे, चिकटपट्टी लावणे इत्यादी उपायांनी पृष्ठभागावरील ओरखडा फार तर झाकला जाईल. आतील भंग तसाच राहतो. पडदा हाच संचाचा सर्वांत महाग भाग असल्यामुळे तो बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या संचाच्या किमतीच्या जवळ जातो. दुरुस्तीस देण्यापूर्वी लेखी अंदाज घ्यावा. नेहमीच्या हमीपत्रात आपटून वा मार लागून झालेली हानी बहुधा धरलेली नसते; तथापि खरेदीच्या वेळी अपघाती हानीचा वेगळा विमा घेतला होता काय, हे पावती काढून अवश्य पाहावे. निकामी संच भंगारात फेकू नये, कारण त्यात आरोग्यास अपायकारक द्रव्ये असतात. ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे तो द्यावा.

दुसरी गोष्ट अशी की, हानी मोठी झाली यावरून अपराधही मोठा होता असे सिद्ध होत नाही. हलक्या धक्क्यानेही पडदा जातो. मूल्यमापनातील नेमकी चूक येथेच होते.

पंधरा पेले आणि एक पेला

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक निर्णयाविषयीचा आपला ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध केला. त्यात त्याने मुलांना सांगितलेल्या दोन गोष्टी शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहेत. एका मुलाला जेवावयास हाक आली. त्याने दार उघडले. दारामागे पेल्यांचे तबक आहे हे त्याला ठाऊक नव्हते. पंधरा पेले फुटले. दुसऱ्या मुलाने आई घरी नसताना कपाटातील मुरंबा चोरून काढण्याचा प्रयत्न केला. त्यात एक पेला फुटला. या दोघांत अधिक खोडकर कोण? सहा-सात वर्षांची पुष्कळ मुले उत्तर देत की पहिला, कारण त्याने पंधरा फोडले. नऊ-दहा वर्षांची मुले दुसऱ्याकडे बोट दाखवीत, कारण त्याचा हेतू वाईट होता.

लहान मूल नुकसान मोजते. वाढलेले मूल हेतू पाहते. आता घरातील वडील माणसांकडे पाहावे. मुलाने चहाची बशी फोडली तर "असू दे" म्हणणारे वडील पडदा फुटल्यावर पट्टा काढतात. दोन्ही वेळी धक्का सारखाच लागलेला असतो, हेतूही सारखाच निर्दोष असतो; फरक असतो तो केवळ किमतीत. म्हणजे महाग वस्तू फुटली की प्रौढ माणूसही सहा वर्षांच्या मुलासारखा न्याय करू लागतो. हे शिक्षकाने स्वतः ओळखावे आणि पालकांच्याही नजरेस आणून द्यावे. सारी उपाययोजना या एका गोष्टीवर उभी राहते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. रागाने मुद्दाम फेकलेल्या वस्तूने पडद्याला केवळ ओरखडा आला, म्हणून ती गोष्ट क्षुल्लक ठरत नाही. तेथे नुकसान अल्प असले तरी शिकवणीची गरज मोठी असते.

कारण ओळखावे

पडदा फुटण्याची कारणे सामान्यतः चार आढळतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण कुतूहल. वर्षाच्या आतील मूल चित्रातील वस्तू हाताने उचलू पाहते. दीड-दोन वर्षांचे मूल पडद्यावरच्या चिमणीला पकडावयास जाते आणि हातातील खुळखुळ्याने थोपटते. मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवून चित्र बदलते हे पाहिलेले मूल मोठ्या पडद्यावरही तेच करून पाहते. येथे मुलाचा अपराध मुळीच नाही. संच मुलाच्या हाताबाहेर उंच व पक्का बसविणे, हे वडील माणसांचे काम होय.

दुसरे कारण खेळ. शीव कोळीवाड्याच्या घरातील प्रसंग या वर्गात मोडतो. मुलाला फोडावयाचे नव्हते. परंतु घरात धोपाटणे फिरवू नये हे त्याला सांगितलेले होते. येथे निष्काळजीपणाची जाणीव व भरपाईत वाटा हवा, मार नको.

तिसरे कारण राग. पाहत असलेला कार्यक्रम बंद केला म्हणून दहा-अकरा वर्षांचा मुलगा हातातील वस्तू फेकतो. रागाच्या भरात उपदेश निष्फळ ठरतो. मूल शांत होऊ द्यावे आणि मग, शक्यतो त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत बोलावे. "तुला राग आला, हे समजले. वस्तू फेकणे या घरात चालणार नाही." दोन्ही वाक्ये सांगावीत, पहिले गाळले तर मूल ऐकत नाही, दुसरे गाळले तर शिकत नाही. असे वारंवार घडत असेल तर मुलाच्या झोपेची, घरातील भांडणांची आणि पडद्यासमोर जाणाऱ्या वेळेची चौकशी करावी.

चौथे कारण वडील माणसांची हयगय. सैल खिळा, लोंबणारी तार, स्टुलावर कसाबसा ठेवलेला संच. मुलाचा केवळ हात लागला आणि संच कोसळला. अशा वेळी मोठ्यांनी आपली चूक मुलांदेखत मान्य करावी. त्याने मोठ्यांचा अधिकार कमी होत नाही.

खरे बोलणे सोपे करावे

मुलगा मांजरीचे नाव का सांगतो? तो स्वभावतः खोटारडा असतो म्हणून नव्हे. खरे सांगण्याची किंमत त्याला परवडण्यासारखी नसते. व्हिक्टोरिया तलवार व कांग ली या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांतील तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली. एका शाळेत छडी चाले, दुसरीत सौम्य शिक्षा असे. खेळणे पाठीमागे ठेवून "वळून पाहू नकोस" असे सांगितले असता दोन्हीकडील बहुतेक मुलांनी वळून पाहिले. विचारल्यावर छडीच्या शाळेतील जवळजवळ सर्व मुले खोटे बोलली. दुसरीकडे निम्म्याहून थोडी अधिक. इतकेच नव्हे, तर छडीच्या शाळेतील मुलांचे खोटे अधिक सफाईदार होते. मारामुळे वळून पाहणे थांबले नाही. खोटे बोलण्याचा सराव मात्र झाला.

यास्तव प्रश्न विचारण्याची रीत बदलावी. पडदा फुटलेला समोर दिसत असता "कुणी फोडला?" असा दरडावून केलेला प्रश्न मुलाला खोट्याकडेच ढकलतो. त्याऐवजी "पडदा फुटला आहे. कसं झालं ते सांग, मी ऐकते आहे," असे म्हणावे. मुलाने खरे सांगितले तर "खरं सांगितलंस, बरं केलंस" एवढे शब्द त्याच्या कानी पडले पाहिजेत, मग नुकसानीविषयी जे बोलावयाचे ते बोलावे. भावंडास साक्षीदार करू नये. पाच वर्षांच्या बहिणीला भावाविरुद्ध बोलावयास लावले, तर पडद्याबरोबर त्या दोघांमधील विश्वासही फुटतो.

कायद्याची भूमिकाही शिक्षकास ठाऊक असावी. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही आणि सात ते बारा या वयात मुलाची समज पुरेशी परिपक्व नसेल तर तेही कृत्य गुन्हा होत नाही, हे तत्त्व जुन्या भारतीय दंड संहितेत होते व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये मनाई आहे. घरातून निघून गेलेल्या वा मारहाणीस भ्यालेल्या मुलासाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

भरपाई कशी व किती

शिक्षा नको याचा अर्थ काहीच नको असा नाही. फ्रेंच विचारवंत रूसो याने १७६२ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात म्हटले होते की, मुलाने आपल्या खोलीच्या खिडकीची काच फोडली तर ती लगेच बसवू नये. वारा आत येऊ द्यावा, म्हणजे परिणाम त्याला आपोआप कळेल. पडद्याच्या बाबतीत हा परिणाम ओघानेच येतो. कित्येक आठवडे घरात संच नसतो. आजीची मालिका बुडते, बहिणीची चित्रे बुडतात. मुलाला ते दिसते व सलते. त्यावर आणखी टोमण्यांची भर घालण्याची आवश्यकता नाही. पाहुण्यांसमोर "हाच तो टीव्ही फोडणारा" अशी ओळख करून देणे तर सर्वथा टाळावे.

मुलाचा वाटा त्याच्या शक्तीच्या आतील, दिसणारा आणि संपणारा असावा. आठ वर्षांचे मूल हजारो रुपये फेडू शकत नाही. "तुझ्यामुळे आपण बुडालो" हे वाक्य त्याच्या डोक्यावर न फिटणारे कर्ज ठेवते. परंतु दुरुस्ती करणाऱ्याकडे वडिलांबरोबर जाऊन अंदाज ऐकणे, आजीची क्षमा मागणे, खेळासाठी घराबाहेरची जागा ठरविणे, महिनाभर एखादे घरकाम आपणहून करणे, हे त्याला जमते. खाऊच्या पैशांतील थोडा भाग त्याने स्वखुशीने दिला तर घ्यावा. त्याची पुस्तके, सहल वा जेवण मात्र तोडू नये. आणि ठरलेली मुदत संपली की विषय संपला असे घरातील सर्वांनी मानावे.

सावधपणा शिकविण्याचा मार्ग वस्तू लपविण्यातून जात नाही. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले. तेथील नव्याने दुरुस्त केलेल्या इमारती, आईबाप कामावर गेल्यावर मोकाट राहणारी मुले खराब करतील, अशी चिंता चालकांस होती. त्यातूनच मुलांसाठी ती जागा निघाली. ज्या मुलांपासून भिंती वाचवावयाच्या होत्या, त्याच मुलांच्या हाती माँटेसरींनी पुढे खरी काचेची व चिनी मातीची भांडी दिली. पेला आपटला तर फुटतो, हे पेल्यानेच मुलाला शिकवावे, असा त्यामागील विचार. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापून हा विचार आपल्याकडे रुजविला. १९३६ साली त्यांनी शिवापासून जवळच असलेल्या दादरला शिशुविहार सुरू केले. काचेचा पेला जपून नेण्याची सवय झालेले मूल पडद्याजवळूनही जपून जाते.

शाळेतील संच फुटला तर

अनेक खेड्यांत शाळेचा संच लोकवर्गणीतून आलेला आहे. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' कार्यक्रमाने कित्येक मुलांचा अभ्यास चालू ठेवला, हे गावाच्या स्मरणात आहे. असा संच मुलाच्या हातून फुटला तर गाव हळहळणारच. अशा वेळी मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी घडलेल्या गोष्टीची नोंद करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन सदस्यांसमक्ष पंचनामा करावा, जडवस्तू संग्रह नोंदवहीत शेरा घ्यावा आणि केंद्रप्रमुखांमार्फत वरिष्ठांस कळवावे. दुरुस्ती अशक्य ठरल्यास निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करावी. नोंदीत "संच सहावीच्या वर्गात खेळताना धक्का लागून फुटला" एवढे पुरे. गावाच्या सभेत मुलाचे नाव फिरविण्याचे प्रयोजन नाही. नुकसान भरून येईपर्यंत मुलास शाळेत घेणार नाही असे म्हणणे बेकायदेशीर आहे, कारण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

कोणी फोडला हे कळले नाही, तर सर्व वर्गास शिक्षा करण्याचा मोह होतो. लोकमान्य टिळकांची म्हणून सांगितली जाणारी शेंगांच्या टरफलांची गोष्ट प्रत्येक शिक्षक १ ऑगस्टला वर्गात सांगतो. शेंगा न खाल्लेल्या मुलाने टरफले उचलण्यास नकार दिला, याचे कौतुक करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांना एकाच्या चुकीसाठी उभे करू नये. त्याऐवजी वर्गास सांगावे की, ज्याला सांगावयाचे असेल त्याने सुटीत येऊन एकट्याने सांगावे. सांगणारा बहुधा येतो. येण्यास दोन दिवस लागले तर वाट पाहावी.

पुन्हा शीव कोळीवाड्याकडे

हजेरीस उत्तर न देणाऱ्या त्या मुलाला वर्गातील बाईंनी सर्वांदेखत काही विचारले नाही. मधल्या सुटीत त्याला पुस्तकांचे कपाट लावावयास बोलावले आणि काम चालू असता तो आपण होऊन बोलला. सायंकाळी बाई त्याच्या घरी गेल्या. आई म्हणाली, "बाई, अजून सात हप्ते भरायचेत. मी दिवसभर मासळीच्या पाटीशी बसते ते काय यासाठी? त्याला काय शाबास म्हणू?"

"शाबास म्हणू नका," बाई म्हणाल्या. "पण काल तो स्टेशनावर का बसला होता, एवढं त्याला विचारा."

आईने विचारले. बराच वेळ मुलगा गप्प राहिला. मग म्हणाला, "तू मला घरात घेणार नाहीस असं वाटलं."

त्या मातेला यापुढे अधिक सांगावे लागले नाही. नव्या संचाचा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकलला गेला. दर महिन्याला हप्ता भरल्यावर त्याची तारीख व उरलेली रक्कम वहीत लिहिण्याचे काम मुलाकडे आले. धोपाटण्याला मोरीच्या वरचा खिळा मिळाला आणि खेळाची जागा गल्लीच्या टोकाला ठरली. बहिणीला आईने एवढेच सांगितले की, मांजरीचे काहीही चुकले नव्हते.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्याचे तुकडे प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावात पाहिलेले असतील. येत्या पालकसभेत पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. पंधरा पेल्यांची गोष्ट पालकांना सांगावी आणि अधिक खोडकर कोण हे त्यांनाच विचारावे. नंतर विचारावे की, घरी काही फुटले तर आपले मूल पहिल्यांदा कोणाकडे धावत येईल? ज्या घरात ते आईकडे वा बापाकडे येते, त्या घरातील मूल रात्री फलाटावर सापडण्याची भीती फार कमी असते.